बाळाला इन्फेक्शन झाले, आईचे काय चुकले?



नवजात बाळ अतिदक्षता कक्षात आहे, इवल्याशा हाताला सलाइन लावले आहे आणि बाहेरच्या बाकावर घरची मंडळी बसली आहेत. डॉक्टर येऊन सांगतात, "बाळाच्या रक्तात इन्फेक्शन आहे. आईकडून काही जोखमीचे घटक होते." डॉक्टर आत जातात आणि बाहेर शोध सुरू होतो. "सातव्या महिन्यात आइसक्रीम खाल्लं होतं." "रोज डोक्यावरून न्हायची." "केळी खाऊ नको म्हटलं तरी ऐकायची नाही." पाच मिनिटांत निकाल लागलेला असतो. ज्या मुलीविरुद्ध तो लागतो ती दुसऱ्या मजल्यावर टाक्यांच्या वेदना सहन करत पडलेली असते, आणि बाळ का दिसत नाही म्हणून रडत असते.

हे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले आहे की आज त्याबद्दल स्पष्ट लिहायचे ठरवले. "आईकडून जोखीम" आणि "आईची चूक" हे दोन वेगळे शब्द आहेत. जोखमीचा घटक ही डॉक्टरांसाठी माहिती असते. ती वेळेवर मिळाली तर बाळ वाचते. पण आपल्या घरांत या माहितीचा आरोप होतो, आणि आरोपाची भीती असली की माणूस माहिती लपवतो. बाळाचे खरे नुकसान तिथे होते.

मी हे का लिहितो

मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, बालरोगतज्ज्ञही नाही. मी जनरल फिजिशियन आहे. पण गरोदर बाईला ताप आला, लघवीला जळजळ झाली, खोकला झाला, तर ती पुष्कळदा आधी जवळच्या दवाखान्यात येते. म्हणजे माझ्यासारख्याकडे. तिथे काय होते, ते माझ्याच उदाहरणावरून सांगतो.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवा महिना पूर्ण झालेली एक मुलगी संध्याकाळच्या गर्दीत आली. ताप, थंडी, कंबरेत दुखत होते. लघवी तपासली तर त्यात पू-पेशी होत्या. मी गरोदरपणात चालतील अशी औषधे दिली, पाणी भरपूर पी म्हणून सांगितले. तिला बरे वाटले. उपचारात तसे चुकीचे काही नव्हते. पण मी दोन गोष्टी केल्या नाहीत. लघवीचे कल्चर पाठवले नाही, आणि तिच्या बाळंतपणाच्या फाइलमध्ये एक ओळ लिहिली नाही. तिने फाइल आणली नव्हती आणि मी ती मागितली नाही. माझी चिठ्ठी तिच्या घरी राहिली.

नऊ दिवसांनी ती बाळंत झाली. दुसऱ्या दिवशी बाळ दूध ओढेना. अंग गार पडू लागले. बालरोगतज्ज्ञांनी वडिलांना विचारले, "शेवटच्या पंधरा दिवसांत आईला ताप आला होता का?" ते कामासाठी बाहेरगावी होते, त्यांना माहीत नव्हते. आजी म्हणाल्या, "नाही हो, ठणठणीत होती." सुनेच्या अंगावर काही येऊ नये म्हणून त्या तसे बोलल्या, हे त्यांनीच मला नंतर सांगितले. बाळावर उपचार झाले, चौदा दिवस इंजेक्शने चालली आणि ते बाळ वाचले. पण तापाची ती एक ओळ फाइलमध्ये असती तर पहिल्या तासापासून त्या बाळावर वेगळी नजर राहिली असती. ती ओळ लिहिण्याचे काम माझे होते.

तेव्हापासून माझ्या दवाखान्यात एक नियम आहे. गरोदर बाई कोणत्याही कारणाने आली तरी फाइल आधी, तपासणी नंतर. फाइल नसेल तर चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहितो: "ही चिठ्ठी बाळंतपणाच्या फाइलला लावावी."

बाळापर्यंत जंतू पोहोचतात कसे?

पोटातले बाळ पाणमोटेत असते. ही पाणमोट म्हणजे पातळ पडद्यांची पिशवी. बाहेरचे जंतू आत येऊ नयेत म्हणून ती भिंतीचे काम करते. योनिमार्गात आणि गुदद्वाराजवळ प्रत्येक निरोगी बाईच्या शरीरात जंतू असतातच. त्यात घाण असे काही नाही, ते शरीराचे नेहमीचे रहिवासी आहेत. पिशवी शाबूत असेपर्यंत ते सहसा बाहेरच राहतात.

पिशवी फुटली, म्हणजे आपण म्हणतो तसे "पाणी गेले", की भिंतीला दार उघडले. आता जंतू वर चढू शकतात. दार जितके तास उघडे, तितकी जोखीम जास्त. दुसरा मार्ग आईच्या रक्तातून, वारेतून बाळाकडे. तिसरा मार्ग प्रसूतीच्या वेळी, बाळ बाहेर येताना. आणि चौथा मार्ग जन्मानंतर: हात, कपडे, नाळेवर लावलेली वस्तू, तोंडात घातलेले चाटण.

जन्मानंतर पहिल्या ७२ तासांत दिसणाऱ्या संसर्गाला डॉक्टर लवकरचा संसर्ग म्हणतात. त्याचा संबंध बहुधा प्रसूतीच्या आधीच्या आणि प्रसूतीच्या वेळच्या गोष्टींशी असतो. त्यानंतरच्या संसर्गाचा संबंध जास्त करून आजूबाजूच्या परिसराशी आणि हातांशी असतो. ही रेघ काटेकोर नाही, पण समजायला सोपी आहे.

नवजात बाळाची स्वतःची प्रतिकारशक्ती कच्ची असते. आईच्या रक्तातली संरक्षक प्रथिने वारेतून बाळाकडे जातात, पण त्यातला मोठा वाटा शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत जातो. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेले बाळ या शिदोरीशिवायच बाहेर येते.

बालरोगतज्ज्ञ आईबद्दल काय विचारतात आणि का?

१. पाणी जाऊन किती तास झाले? १८ तासांहून अधिक वेळ गेला असेल तर जोखीम वाढली असे बहुतेक ठिकाणी मानतात. आपल्याकडे काही ठिकाणी २४ तासांची मर्यादा धरतात. म्हणून घड्याळाची वेळ महत्त्वाची. "सकाळी कधीतरी" हे उत्तर उपयोगाचे नाही.

२. आईला ताप होता का? प्रसूतीच्या वेळी किंवा आधीच्या दोन आठवड्यांत १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला असेल तर तो सांगायलाच हवा. गोळी घेऊन उतरला असला तरी.

३. गर्भजलाला वास होता का? दुर्गंधी असेल तर गर्भाशयात संसर्ग झाल्याची शक्यता असते. अशा वेळी आईच्या पोटात दुखते, नाडी जलद होते, बाळाचे ठोकेही वाढतात.

४. बाळ किती आठवड्यांचे? ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाला जोखीम जास्त. कधी कधी गर्भाशयातला संसर्ग हेच वेळेआधी कळा येण्याचे कारण असते. म्हणजे एकाच वेळी दोन घटक.

५. लघवीचा संसर्ग झाला होता का? गरोदरपणात लघवीत जंतू असूनही काहीच त्रास होत नाही, असे पुष्कळ बायकांत आढळते. उपचार न केल्यास तो संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढू शकतो आणि वेळेआधी प्रसूती होऊ शकते. म्हणून त्रास नसला तरी लघवीची तपासणी, आणि शक्य असेल तर कल्चर, ही फालतू तपासणी नव्हे.

६. कळा किती तास चालल्या आणि आतून तपासणी किती वेळा झाली? प्रसूती लांबली आणि प्रत्येक तपासणीला जंतू आत ढकलले गेले, तर जोखीम वाढते. कळा नीट सुरू झाल्यावर साधारण चार तासांच्या अंतराने तपासणी पुरेशी असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याहून जास्त वेळा करायची तर कारण हवे.

७. आईला मधुमेह, ॲनिमिया, कांजिण्या, टीबी, कावीळ बी, एचआयव्ही, गुप्तरोग आहे का? प्रत्येकाची वाट वेगळी, पण प्रत्येकावर काही ना काही करता येते. आईला कावीळ बी असेल तर बाळाला २४ तासांच्या आत लस आणि सोबत तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन देऊन संसर्ग बहुतांशी टाळता येतो. प्रसूतीच्या आधीचे ५ दिवस ते नंतरचे २ दिवस या काळात आईला कांजिण्या उठल्या तर बाळाला गंभीर आजार होऊ शकतो, म्हणून लगेच सांगायचे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. वरच्या यादीतला एखादा घटक असला म्हणजे बाळाला संसर्ग होणारच, असे नाही. अशा बहुतेक बाळांना काहीही होत नाही. आणि एकही घटक नसताना संसर्ग झालेली बाळेही असतात. यादीचा उपयोग एवढाच की कोणत्या बाळाकडे जास्त लक्ष द्यायचे ते कळते.

यात आईच्या हातात किती आहे?

यादी पुन्हा एकदा वाचा. पाणमोट लवकर फुटली, हे आईने ठरवले का? कळा अठरा तास चालल्या, हे तिने ठरवले का? आतून तपासणी कुणी, किती वेळा, हात धुऊन केली की न धुता केली, हे तिच्या हातात होते का? पाणी गेल्यावर गाडी मिळायला सहा तास लागले, नवरा येईपर्यंत थांबा असे घरच्यांनी सांगितले, यात तिचा काय दोष? ॲनिमिया घ्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत रक्त कमी आढळले. घरात शेवटी जेवायचे, उरले ते खायचे, ही पद्धत एकट्या त्या मुलीने सुरू केलेली नाही.

ही गोष्ट जुनी आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने पाहिले की जिथे वैद्यकीय विद्यार्थी प्रसूती करतात त्या विभागात बाळंतिणी तापाने जास्त मरतात, आणि जिथे सुईणी प्रसूती करतात तिथे कमी. विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट प्रसूतीकडे येत. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्या काळी यासाठी दूषित हवेला आणि बायकांच्या प्रकृतीला दोष दिला जाई. दोष हातांचा होता. आणि हे ऐकून त्या वेळच्या कित्येक डॉक्टरांना राग आला होता.

आज आपण कुठे आहोत? त्याच पाहणीनुसार देशातल्या १०० पैकी सुमारे ८९ प्रसूती आता दवाखान्यात होतात. ही फार चांगली गोष्ट आहे. पण त्याचा एक अर्थ असाही आहे की बाळाला स्पर्श करणारे पहिले हात आता आम्हा डॉक्टर-नर्सचे आहेत. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. तिथे बाळांच्या रक्तात मुख्यतः ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला आणि ई. कोलाय हे जंतू सापडले, आणि त्यांतले बरेच जंतू नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद देत नव्हते. ॲसिनेटोबॅक्टरसारखे जंतू रुग्णालयाच्या परिसरात, ओल्या जागी, उपकरणांवर, हातांवर राहतात. विशेष म्हणजे पहिल्या ७२ तासांत आजारी पडलेल्या बाळांतही हेच जंतू होते. म्हणजे "पहिल्या तीन दिवसांतला संसर्ग आईकडूनच आला" हे वाक्यही आपल्या देशात डोळे मिटून म्हणता येत नाही.

म्हणून माझे मत असे आहे की "आईकडून जोखीम" हे शब्द नातेवाइकांसमोर वापरताना आम्ही डॉक्टरांनी आणखी दोन वाक्ये बोलायला हवीत. पहिले, "यात तिची चूक नाही." दुसरे, "जे काही झाले असेल ते न लपवता सांगा." ही दोन वाक्ये बोलायला दहा सेकंद लागतात.

मग सगळ्याच बायकांना अँटिबायोटिक का देत नाहीत?

हा प्रश्न मला हमखास विचारला जातो. जोखीम आहे ना, मग कळा सुरू झाल्या की सरळ एक जोरदार औषध द्या. प्रश्न बरोबर आहे, आणि जगात तो करून पाहिला गेला आहे.

अमेरिकेत गरोदर बाईची ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस या जंतूसाठी नवव्या महिन्यात तपासणी करतात. जंतू सापडला तर कळा सुरू असताना शिरेतून पेनिसिलीन देतात. तिथे या जंतूमुळे पहिल्या आठवड्यात होणारा आजार यामुळे खूप कमी झाला. इंग्लंडमध्ये मात्र सरसकट तपासणी करत नाहीत, जोखमीचे घटक पाहून औषध देतात. आपल्याकडे दुसरे जंतू जास्त आढळतात, म्हणून तिकडचा नियम इकडे जसाच्या तसा लावून भागत नाही.

अलीकडचा एक मोठा प्रयोग आपल्याला जवळचा आहे. ७ देशांतल्या २९ हजारांहून अधिक बायकांना कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस किंवा तशाच दिसणाऱ्या औषधविरहित गोळ्या दिल्या गेल्या. त्यात नागपूर आणि बेळगावच्या परिसरातल्या बायकाही होत्या. निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. आयांमधला गंभीर संसर्ग कमी झाला, ही आनंदाची गोष्ट. पण बाळांमधला संसर्ग आणि मृत्यू यांत फरक पडला नाही. म्हणजे आईला एक गोळी देऊन बाळाचा प्रश्न सुटत नाही.

त्याआधी इंग्लंडमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले होते की पाणमोट शाबूत असताना केवळ वेळेआधी कळा आल्या म्हणून दिलेल्या अँटिबायोटिकचा फायदा होत नाही, आणि पुढे त्या मुलांत सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण थोडे जास्त आढळले. याउलट दिवस भरण्याआधी पाणी गेले असेल तर ठरावीक अँटिबायोटिक उपयोगी पडते. म्हणजे औषध तेच, पण कुणाला द्यायचे याने सगळा फरक पडतो. ते ठरवायला परत तीच माहिती लागते: पाणी कधी गेले, ताप होता का, किती आठवडे झाले.

म्हणून दुकानातून आणून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. अर्धवट डोसाने ताप दबतो, कल्चरमध्ये जंतू सापडत नाही आणि डॉक्टर अंधारात राहतात.

आइसक्रीम, केळी आणि मध

आइसक्रीम, थंड पाणी, केळी, डोक्यावरून आंघोळ, ओले केस यांमुळे नवजात बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग होत नाही. या विषयावरचे भांडण आजपासून बंद करा.

पण याच घरांत काही गोष्टी मायेने केल्या जातात आणि त्या खरोखर धोक्याच्या असतात. बाळाला पहिल्या दिवशी मध चाटवणे, गुटी उगाळून देणे, सोन्याचा वळसा देणे, गुळाचे पाणी पाजणे. सहाण कुणी धुतली, पाणी कुठले, बोट कुणाचे, काही ठाऊक नसते. मधातून तर लहान बाळाला एक दुर्मीळ पण घातक विषबाधाही होऊ शकते, म्हणून वर्षभर मध नाही म्हणजे नाही. नाळेवर हळद, तेल, राख, पावडर काहीही लावायचे नाही. नाळ कोरडी आणि उघडी ठेवायची. पूर्वी नाळेवर शेण, राख लावण्याने आणि गंजक्या पात्याने धनुर्वात होऊन हजारो बाळे जायची. आईला गरोदरपणात दिलेली लस आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे २०१५ साली भारतात हा आजार निर्मूलनाच्या पातळीवर आल्याचे जाहीर झाले. ते यश टिकवायचे आहे.

आणि चिकाचे दूध. पहिले घट्ट पिवळसर दूध काढून टाकणारी घरे अजून आहेत. बाळाला जंतूंविरुद्ध मिळणारी ती पहिली ढाल आहे. जन्मानंतर तासाभरात बाळ छातीशी हवे, सिझेरियन झाले असले तरी, आई-बाळाची तब्येत ठीक असेल तर. आईला ताप आहे म्हणून अंगावरचे दूध सहसा बंद करावे लागत नाही. बंद करायची फार थोडी कारणे आहेत आणि ती डॉक्टर सांगतील.

तुम्ही काय करायचे?

गरोदरपणात: पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा. रक्त, लघवी, साखर, कावीळ बी, एचआयव्ही, सिफिलिस या तपासण्या पूर्ण करा. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची मोफत तपासणी होते, तिचा फायदा घ्या. कच्चे दूध पिऊ नका. लघवीला जळजळ, अंगावर वास येणारे पांढरे जाणे, ताप यांतले काहीही लाजेखातर अंगावर काढू नका. आणि कोणत्याही डॉक्टरकडे जा, दात दाखवायला गेलात तरी, फाइल बरोबर न्या.

पाणी गेल्यावर: घड्याळ पाहा आणि वेळ लिहून ठेवा, मोबाइलमध्ये नाही तर फाइलच्या मुखपृष्ठावर. पाण्याचा रंग आणि वास पाहा. स्वच्छ पॅड घ्या. शरीरसंबंध नाही, घरी कुणाकडूनही आतून तपासणी नाही. कळा नाहीत म्हणून थांबायचे नाही, दवाखान्यात जायचे. "पहिलटकरीण आहे, वेळ लागेल" हे म्हणायला सोपे आहे, पण पाणी गेले की वेळ मोजायला सुरुवात झालेली असते. गाडी नसेल तर १०८ किंवा १०२ ला फोन करा.

दवाखान्यात: बाळाच्या डॉक्टरांना तुम्ही होऊन चार गोष्टी सांगा. पाणी किती वाजता गेले. शेवटच्या दोन आठवड्यांत ताप किंवा कोणते औषध. किती आठवडे पूर्ण झाले. आईला कोणता आजार. शक्य असेल तेव्हा हे आईलाच विचारू द्या, कारण स्वतःच्या शरीराचे तिला सर्वांत जास्त माहीत असते. आणि बाळाला हात लावणाऱ्या प्रत्येकाला, त्यात मी आणि माझे सहकारीही आले, "हात धुतले का?" असे विचारायला संकोचू नका. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

घरी आल्यावर काय पाहायचे?

नवजात बाळाचा संसर्ग मोठ्या माणसासारखा दिसत नाही. ताप येईलच असे नाही, उलट अंग गार पडू शकते. हाताने पाहा. तळपाय गार आणि पोट गरम असेल तर बाळाला उबेची गरज आहे, आईच्या उघड्या छातीशी धरा. तळपाय आणि पोट दोन्ही गार असतील तर ते गंभीर समजा. खालील लक्षणांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका:

दूध ओढत नाही किंवा आधी नीट पिणारे बाळ अचानक पिईनासे झाले.
बाळ मलूल आहे, हलवल्याशिवाय हालचाल करत नाही.
श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते, कण्हते.
काखेतले तापमान ९९.५ फॅरनहाइट किंवा जास्त, अथवा ९५.९ पेक्षा कमी.
झटके येतात.
नाळेच्या मुळाशी लाली किंवा पू, अंगावर पुवाचे फोड.
तळहात आणि तळपायापर्यंत पिवळेपणा.

सरकारी रुग्णालयांत आजारी नवजात बाळावर मोफत उपचार होतात. जिल्हा रुग्णालयात त्यासाठी वेगळा कक्ष असतो. पैशांची जुळवाजुळव करण्यात रात्र घालवू नका.

नजर ठेवल्याने काय होते, हे आपल्याच राज्याने जगाला दाखवले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना प्रशिक्षण दिले. त्या घरोघरी जाऊन बाळ तपासत, संसर्गाची लक्षणे ओळखत आणि गरज पडली तर इंजेक्शनही देत. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षापर्यंत तिथले नवजात बाळांचे मृत्यू इतर गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. आज आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात, त्यामागे हा अनुभव आहे. त्यांना दारातून परत पाठवू नका. त्या गावांत काय घडले ते पाहा. कुणीतरी ठरलेल्या दिवशी बाळाकडे नीट पाहिले, आणि जे दिसले ते लपवले नाही.

शेवटी सासूबाई, आई, नवरा आणि नणंद यांना एक विनंती. बाळ पेटीत असेल तेव्हा आईला दोन गोष्टी लागतात: बाळासाठी दूध काढून देण्याचे बळ आणि मनाची शांती. अपराधी वाटणाऱ्या, रडून थकलेल्या बाईचे दूध बाहेर यायलाही वेळ लागतो. तुमच्या एका टोमण्याची किंमत बाळालाच मोजावी लागते.

आणि तू, जी हे मोबाइलवर एका हाताने वाचते आहेस. ताप आला होता तर सांग. पाणी रात्री गेले आणि सकाळपर्यंत कुणाला उठवले नाहीस, तर तेही सांग. कुणी रागावले तर माझे नाव सांग, डॉक्टरांनीच सांगायला लावले म्हणावे.